गौरी-गणपती ते भाऊबीज: ५८ दिवस, सणाचं ताट आणि वजन

शेवंती | १७ ऑगस्ट २०२५, रात्री १०:४०

गणपती दहा दिवसांवर आलेत. एरवी या दिवसांत मखर, फुलं, पाहुण्यांची अंथरुणं हेच डोक्यात असतं. यंदा मात्र जेवणाच्या विचारानेच पोटात गोळा आलाय. मोकळेपणाने लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ४६. फेब्रुवारीत रक्त तपासलं तर एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.१ निघालं. माझ्या आईला मधुमेह होता. शेवटची दोन वर्षं तिचं डायलिसिस चाललं होतं, आठवड्यातून तीनदा मीच तिला रिक्षाने न्यायचे. रिपोर्ट हातात आला तेव्हा तो रिक्षातला रस्ताच डोळ्यांपुढे आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून मधुमेह झालेला नाही, उंबरठ्यावर आहात, वजन उतरवलंत तर मागे फिरता येईल. तेव्हा ७३.८ किलो होते. आज सकाळी ६८.४. सहा महिने रोज पहाटे पाऊण तास चालणं, रात्रीचं जेवण साडेसातच्या आत, भात अर्धी वाटी, चहा बिनसाखरेचा. एवढंच केलं, पण एकही आठवडा चुकवला नाही.

आता भीती कशाची ते सांगते. मी वजन वहीत लिहिते. गेल्या वर्षीची पानं उलटून पाहिली. गणपतीच्या आदल्या दिवशी ७०.९ आणि तुळशीच्या लग्नाला ७४.१. दोन-सव्वादोन महिन्यांत तीन किलोंच्या वर चढलं आणि पुढे उतरलंच नाही.

यंदा २७ ऑगस्टला चतुर्थी, २३ ऑक्टोबरला भाऊबीज. मोजले तर ५८ दिवस होतात. सासर साताऱ्याकडचं, गौरी आमच्याकडे बसतात, गौरीजेवणाला चाळीस पानं उठतात. सासूबाई स्वतः वाढतात आणि त्यांना नाही म्हणणं घरात कुणालाच जमलेलं नाही.

पुरणपोळी सोडा, मोदक सोडा असे सल्ले कृपया देऊ नका. मला सोडायचं नाहीये. वर्षातून चार वेळा घरात पुरण शिजतं, ते मला हवंय. तुम्ही कसं सांभाळता ते सांगा.

---

चिंचगूळ | १७ ऑगस्ट, रात्री ११:१५

आईबद्दल वाचून वाईट वाटलं. माझीही गत तीच आहे, फक्त मी गेली तीन वर्षं "दिवाळी झाली की सुरू करू" म्हणतेय. इथेच ठाण मांडून बसते.

---

डाळिंब | १८ ऑगस्ट, सकाळी ७:५०

शेवंतीताई, आधी अभिनंदन. ७३.८ वरून ६८.४ म्हणजे सात टक्क्यांहून जास्त. अमेरिकेत मधुमेहपूर्व अवस्थेतल्या लोकांवर मोठा अभ्यास झाला होता, त्याचे निष्कर्ष २००२ साली आले. त्यात लोकांपुढे ठेवलेलं ध्येयही हेच होतं: सात टक्के वजन आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्यासारखा व्यायाम. ज्यांना हे करायला लावलं त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. तुम्ही जे केलंत ते थोडं नाही.

मी आहारतज्ज्ञ आहे, पुण्यात काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांना मी याच दिवसांत एक गोष्ट करायला सांगते, तुम्हीही करा. त्या ५८ दिवसांतली पक्वान्नाची ताटं मोजा. खरोखर नैवेद्याचं पान मांडलं जातं असे दिवस किती? आकडा इथे लिहा, मग पुढचं बोलू.

---

शेवंती | १८ ऑगस्ट, दुपारी १:२०

मोजले. चतुर्थी, गौरीजेवण, अनंत चतुर्दशी, पितृपक्षात सासऱ्यांचं श्राद्ध, दसरा, कोजागरी आणि दिवाळीचे चार. दहा.

दहाच? मला वाटत होतं पंचवीस-तीस तरी निघतील.

---

डाळिंब | १८ ऑगस्ट, दुपारी २:०५

दहाच. उरले ४८. आता गेल्या वर्षीच्या त्या ४८ दिवसांत काय काय खाल्लंत ते आठवा.

---

शेवंती | १८ ऑगस्ट, रात्री ९:३०

दिवसभर आठवत होते. लिहितानाही कसंसं होतंय.

गौरी गेल्या तरी पुरण उरतं. ते डब्यात भरून फ्रिजमध्ये जातं आणि मग चार दिवस रोज सकाळी माझ्या एकटीसाठी एक पोळी, "वाया नको जायला" म्हणून. दर्शनाला येणारा प्रत्येकजण पेढे घेऊन येतो. ते देवापुढून उचलले की ओट्यावर, आणि मी ओट्यापाशीच उभी असते. नवरात्रात नऊ दिवस उपवास, म्हणजे एक दिवसाआड साबुदाण्याची खिचडी. दिवाळीचा फराळ लक्ष्मीपूजनाच्या आठवडाभर आधीपासून घरात, तो तुळशीच्या लग्नापर्यंत पुरतो. चार वाजताच्या चहाबरोबर दोन चकल्या, एक लाडू. रोज.

सणाच्या दिवशी मी उलट कमीच जेवत असेन. वाढण्यातच भूक मरते.

---

वाडीवरचा | १९ ऑगस्ट, सकाळी ६:३०

ताई, तुम्ही दुखणं बरोबर ओळखलंत.

आमच्या रत्नागिरीकडे आरत्यांना घरोघर जायचं असतं. संध्याकाळी सात-साडेसातला निघालो की वाडीतली पंधरा-वीस घरं. प्रत्येक घरी प्रसाद, आणि भजन असलं की उसळ, चहा, लाडू. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, म्हणणारही नाही. पण प्रसाद म्हणजे किती, यावर मी एकदा विचार केला. माझे आजोबा प्रसाद घ्यायचे तो उजव्या हाताच्या खोलगट तळव्यात मावेल तेवढा. खिरापत असो की पंचखाद्य, चिमूटभर. कपाळाला लावायचा, तोंडात टाकायचा, हात डोक्यावरून फिरवायचा. आता प्रसादाची प्लेट झालीय. प्लेट भरून मिळते म्हणून ती आपण जेवणासारखी खातो.

तीन वर्षं झाली, मी परत तळवाच पुढे करतो. खांद्यावरच्या पंचाच्या टोकाला एखादा लाडू बांधून घेतो, तो दुसऱ्या दिवशी पोरांना. कुणी रागावलेलं नाही. घाट्या चढून-उतरून दीडेक तासाची पायपीट होते ती वेगळीच.

मोदकांचं मात्र वेगळं. चतुर्थीला आई पाच वाढते, मी पाच खातो, वर तुपाची धार. पण त्या दुपारी भात घेत नाही आणि रात्री पेज. हे सुरू करून गणपतीत वजन वाढायचं थांबलंय.

---

गुलबक्षी | १९ ऑगस्ट, सकाळी १०:१०

मला कळत नाही एवढा विचार कशाला करायचा. माझं वजन ५७, उंची १६०. लहानपणापासून सगळं खाते. सण वर्षातून एकदा येतो, मनसोक्त खावं.

---

डाळिंब | १९ ऑगस्ट, दुपारी १२:४५

गुलबक्षी, मनसोक्त खावं हे मलाही मान्य आहे. पण "मी बारीक आहे" एवढ्यावर आपल्या लोकांनी निर्धास्त राहू नये, हे मला अगदी मनापासून सांगायचंय.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम या बाबतीत जगभर ओळखलं जातं. २००४ साली त्यांचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. काट्यावर सारखे, आतून दुपटीहून जास्त फरक. आपली पोरं जन्मतः वजनाला कमी पण चरबीला जास्त असतात, हे त्यांच्या अभ्यासांनी दाखवलं. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ झाला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे स्थूलता धरतात. पोटाचा घेर बायकांना ८० सेंमी आणि पुरुषांना ९० सेंमीच्या आत हवा. मोजपट्टी घ्या आणि एकदा मोजा. बरोबर निघालं तर आनंदच आहे.

---

संत्रा_मोसंबी | २० ऑगस्ट, रात्री ८:२५

आमच्या नागपूरकडे गौरी म्हणत नाहीत, महालक्ष्म्या. सोळा भाज्या, आंबील, पंचामृत, कढी, पुरणपोळी आणि वर टांगलेला फुलोरा. पोळीवर तुपाची धार नाही, शेजारी तुपाची वाटी ठेवतात आणि पोळी त्यात बुडवून खातात.

मागच्या वर्षी मी पोळीचा हिशेब मांडला. किलो डाळ, किलो गूळ, त्यात आमच्या ३२ पोळ्या होतात. म्हणजे एका पोळीत तीसेक ग्रॅम डाळ आणि तीसेक ग्रॅम गूळ, वरून पंचवीस ग्रॅम कणीक. तीनशेच्या वर कॅलरी. तूप चमचाभर घेतलं तर आणखी ४५, वाटीभर घेतलं तर पोळीपेक्षा तूपच जड. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाची वरून घातलेली साखर पंचवीस ग्रॅमच्या आसपास ठेवली तर उत्तम. एका पोळीतच ती भरते. गूळही त्यात धरायचा. गूळ आहे म्हणून चालतो, असं आमच्या घरात सगळे म्हणतात, पण शरीराला तो साखरच आहे.

या हिशेबाने पोळी सोडली नाही. दोन खायचो, आता एक खातो आणि सोळा भाज्यांचं वाढप दोनदा घेतो. त्या भाज्या वर्षातून एकदाच होतात. आंबील आधी पितो, पोट तिथेच निम्मं शांत होतं.

---

डाळिंब | २० ऑगस्ट, रात्री ९:००

हे फार महत्त्वाचं आहे, थोडं जोडते. आधी भाजी, कोशिंबीर, डाळ-उसळ आणि शेवटी भात-पोळी अशा क्रमाने खाल्लं तर जेवणानंतरची साखर कमी चढते, हे अभ्यासांत दिसलंय. आपल्या पानाकडे बघा. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या आणि आमटी. पंगतीत कोशिंबीर चमचाभर वाढतात आणि तिचा आग्रह कुणीच करत नाही. तुम्ही होऊन मागा. पडवळाची किंवा काकडीची कोशिंबीर दोनदा मागितली की वाढणारीला आनंदच होतो, कारण ती नेहमी उरते.

---

पोफळी | २१ ऑगस्ट, सकाळी ९:४०

गोव्यातून. आमच्या चवथीला खतखतें असतं, त्यात जेवढ्या भाज्या पडतील तेवढ्या चांगल्या. नेवऱ्या, म्हणजे आमच्या करंज्या, मात्र डबे भरून करतात. आम्ही तिघी जावांनी ठरवून नेवऱ्या निम्म्यावर आणल्या. शेजाऱ्यांना वाटण्यापुरत्या आणि घरात दोन दिवसांपुरत्या. कमी केल्या म्हणून चवथ कमी झाली नाही.

---

जाईची_वेल | २१ ऑगस्ट, दुपारी ४:१५

मी ७० वर्षांची आहे. नातीने हा धागा वाचून दाखवला, टंकतेयही तीच. शेवंती, तुझ्या सासूच्या बाजूने दोन शब्द सांगते, रागावू नकोस.

बहात्तरच्या दुष्काळात मी सतरा वर्षांची होते. आमचं गाव बीडकडचं. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायचो, तिथे सुकडी मिळायची. घरी मिलोची भाकरी. ती लाल ज्वारी अमेरिकेतून आली होती, घशाखाली उतरत नसे. माझी आई रात्री आम्हाला वाढून झालं की स्वतः तवा पाण्याने धुऊन तेच पाणी पिऊन निजायची. त्या वर्षी आमच्याकडे गौरींना भाजी-भाकरीचाच नैवेद्य झाला, पुरण शिजलंच नाही.

पुढे दिवस पालटले. लग्नानंतर माझ्या हातात पहिल्यांदा पुरणाचं पातेलं आलं तेव्हा मी ठरवलं, माझ्या पंगतीतून कुणी "पुरे" म्हटल्यावरही एक पोळी जास्त खाऊनच उठेल. आमच्या वयाच्या बायकांचा आग्रह कुठून येतो ते तुम्हा पोरींना कुणी सांगितलेलं नाही. वाढणं हीच आमची माया. पानावर आडवा हात धरलास की आम्हाला वाटतं, हिला माझ्या हातचं नको झालंय.

म्हणून पंगतीत हात आडवा धरू नकोस. आधी सांग. एकटीला गाठून, रिपोर्ट हातात घेऊन सांग. आईचं डायलिसिसचं सांग. तिला दुखणं कळेल. कळल्यावर ती तुला जास्त वाढणार नाही, जास्त जपेल.

---

शेवंती | २१ ऑगस्ट, रात्री ११:५०

आजी, दोनदा वाचलं. डोळे भरून आले. नमस्कार करते.

---

पायवाट | २२ ऑगस्ट, सकाळी ८:०५

उपवासाबद्दल कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहितो. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण उगीच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात दाण्याचं कूट आणि तूप. भगर आणि दाण्याची आमटी, राजगिरा, ताक, भोपळ्याचं भरीत, काकडी अशाने उपवास बराच हलका होतो.

पण माझं खरं सांगणं वेगळंच आहे. माझ्या वडिलांना मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी चालू होती. नवरात्रात निर्जळी धरली आणि गोळी मात्र नेहमीप्रमाणे घेतली. अकरा वाजता देवघरात बसल्या बसल्या घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. आम्हाला वाटलं झटका आला. साखर ४८ निघाली. तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून पाजली तेव्हा दहा-पंधरा मिनिटांत माणूस जागेवर आला. ज्यांना साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी उपवासाआधी डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवून घ्या. मनाने जेवण वगळू नका आणि मनाने गोळीही बंद करू नका.

---

हडसनकाठ | २२ ऑगस्ट, रात्री ९:३०

न्यू जर्सीहून लिहितोय. आमच्या दिवाळीचं दुखणं असं की ती संपतच नाही. मंडळाची दिवाळी एका शनिवारी, ऑफिसातल्या भारतीयांची दुसऱ्या, मित्रांकडच्या तिसऱ्या-चौथ्या. तेवढ्यात थँक्सगिव्हिंग आणि मग नाताळ. ऑक्टोबर ते नवं वर्ष अखंड ताट.

अमेरिकेत १९५ प्रौढांवर केलेला अभ्यास २००० साली छापून आला होता. थँक्सगिव्हिंग ते नववर्ष या सणांच्या काळात सरासरी वजन वाढलं फक्त ०.३७ किलो. लोकांना मात्र वाटत होतं आपण दीड किलोहून जास्त वाढलो. धीर देणारं वाटतं, पण पुढची गोष्ट महत्त्वाची. ते वाढलेलं पुढच्या वर्षभरात उतरलं नाही. शेवंतीताईंच्या वहीतही तेच दिसतंय.

दुसरा अभ्यास इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा, २०१८चा. २७२ लोक. निम्म्यांना नाताळात आठवड्यातून किमान दोनदा वजन करून लिहायला सांगितलं, थोडे साधे सल्ले आणि कुठला पदार्थ खाल्ला तर किती चालावं लागेल याची यादी दिली. त्यांचं सरासरी वजन किंचित घटलं, बाकीच्यांचं ०.३७ किलोने वाढलं. तेव्हापासून मी बुधवार आणि रविवार सकाळी काट्यावर उभा राहतो, काहीही झालं तरी.

---

मोरपीस | २३ ऑगस्ट, सकाळी ७:२०

हडसनकाठ यांच्याशी वाद नाही, त्यांना लागू पडलं. पण हे वाचणाऱ्या काहीजणी माझ्यासारख्या असतील म्हणून लिहिते.

मी कॉलेजात असताना सात वर्षं काट्याच्या धाकात काढली. आकडा वाढला की दुसऱ्या दिवशी काहीच खायचं नाही, आणि तिसऱ्या दिवशी रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात उभ्या उभ्या लाडवांचा अर्धा डबा. दिवाळी हा माझ्यासाठी सर्वांत भीतीचा महिना होता. हे आजारपण आहे, त्यावर उपचार आहेत, हे मला तिसाव्या वर्षी समुपदेशकाने सांगितलं. आता घरात वजनकाटा नाही. सणाच्या दिवशी सकाळी रोजचा नाश्ता करतेच, उपाशी राहून दुपारसाठी "जागा ठेवत" नाही. आणि खायचं ते पान मांडून, बसून, लोकांबरोबर. लपून एक घासही नाही.

कुणाला असं होत असेल तर वजनाच्या आधी याचा इलाज करा. माझ्या आयुष्यातली वर्षं गेली म्हणून कळकळीने सांगतेय.

---

डाळिंब | २३ ऑगस्ट, सकाळी ११:००

मोरपीस, लिहिलंत हे फार बरं केलंत. ज्यांना आकड्याने त्रास होतो त्यांनी काटा लांबच ठेवावा. चालणं, जेवणाची वेळ, कमरेचा परकर कसा बसतो, यावरूनही कळतं.

काटा वापरणाऱ्यांना एवढंच सांगते, सणाच्या दुसऱ्या दिवशी वजन करू नका. मीठ आणि पिष्ट जास्त गेलं की शरीर पाणी धरून ठेवतं. एक-दीड किलो जास्त दिसतं, त्यातली चरबी अगदी थोडी. किलोभर चरबी साठायला साधारण ७७०० कॅलरी जास्तीच्या लागतात, त्या एका ताटात येत नाहीत. चार दिवस रोजचं जेवण ठेवा, मग उभ्या राहा.

---

शेवंती | ४ सप्टेंबर, रात्री १०:१५

गौरी गेल्या. घर शांत झालंय.

हरतालिकेच्या संध्याकाळी सासूबाई अंगणात अळूच्या पानांच्या शिरा काढत बसल्या होत्या. मी शेजारी बसले, दोन-चार पानं सोलली आणि मग रिपोर्टचा कागद काढला. त्यांना वाचता येतं पण चष्मा आत होता, म्हणून मीच वाचून दाखवला. आईचं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, हातातली सुरी तशीच. मग म्हणाल्या, "फेब्रुवारीत कळलं आणि मला आज सांगतेस होय? मग मी इतके दिवस तुला काय काय वाढलं गं." मला वाटलं होतं त्या रागावतील. त्या स्वतःवरच रागावल्या.

गौरीजेवणाच्या दिवशी सकाळी पोळ्या लाटायला बसलो तर त्यांनी माझ्यासाठी आणि धाकट्या दिरांसाठी वेगळे छोटे उंडे करून ठेवले होते. सासूबाईंच्या वडिलांनाही साखर होती म्हणे, आम्हाला आजवर माहीत नव्हतं. पंगतीत माझी चुलत नणंद पोळी घेऊन आग्रहाला आली तेव्हा सासूबाई पलीकडच्या पानावरून म्हणाल्या, "तिचं झालंय. तिला कोशिंबीर आण." चाळीस माणसांत मला एकदाही नाही म्हणावं लागलं नाही.

एक छोटी पोळी तुपासकट, अळूची भाजी दोनदा, वरणभाताची मूद, दोन भजी, ताक. पोट भरलं, मनही भरलं. उरलेलं पुरण जाणाऱ्यांच्या डब्यांत त्याच संध्याकाळी गेलं. पेढे देवापुढून थेट कामाला येणाऱ्या मावशींच्या आणि शेजारच्या पोरांच्या हाती.

---

जाईची_वेल | ५ सप्टेंबर, सकाळी ११:३०

तुझ्या सासूला माझा नमस्कार सांग.

---

संत्रा_मोसंबी | ११ ऑक्टोबर, रात्री ९:४५

फराळाचा हंगाम आला म्हणून धागा वर आणतो. आज चकल्या झाल्या. तळणीच्या आधी आणि नंतर कढईतलं तेल मोजलं. किलो भाजणीला सुमारे ३६० ग्रॅम तेल चकल्यांत गेलं, मोहन वेगळं. तेल नीट तापलं नव्हतं तो पहिला घाणा हाताला तेलकट लागत होता, पुढचे कोरडे निघाले. म्हणजे तेल मंद असताना चकली सोडू नका, एवढं तरी पाळा. हवेवर तळायच्या यंत्रातही एक घाणा काढला. खुसखुशीतपणा नाही, भाजलेल्या पिठाचा लागतो. घरात कुणी खाल्ला नाही. मी त्या वाटेला जाणार नाही. खऱ्या चकल्याच करीन, निम्म्या करीन.

बेसनाचे लाडूही मोजले. अर्धा किलो बेसन, पाव किलो तूप, चारशे ग्रॅम पिठीसाखर, त्यात तीस लाडू. एक लाडू साधारण १९० कॅलरी.

---

चिंचगूळ | १२ ऑक्टोबर, सकाळी ८:००

खजूर-सुकामेव्याचे बिनसाखरेचे लाडू करणार होते. ते तरी चालतील ना?

---

डाळिंब | १२ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

आवडत असतील तर जरूर करा, पण हलके समजून तीन खाऊ नका. खजुरात साखरच असते आणि सुक्यामेव्यात तेल. तेवढ्याच आकाराचा लाडू बेसनाच्या लाडवाच्या फार मागे राहत नाही. मला विचाराल तर आवडीचा एक खरा बेसनलाडू, दिवसाउजेडी, बसून.

---

शेवंती | २६ ऑक्टोबर, रात्री ८:५०

भाऊबीज होऊन तीन दिवस झाले. आज सकाळी ६८.९. म्हणजे ५८ दिवसांत अर्धा किलो वाढलं. गेल्या वर्षी याच सुमारास ७३ च्या वर होते.

फराळ यंदा दोन जावांनी मिळून एकदाच केला, धनत्रयोदशीच्या दिवशी, आधी नाही. चार दिवस ताट भरून खाल्लं. भाऊबीजेला भावाकडे श्रीखंड-पुरीही झाली, रात्री जेवल्यावर भाऊ, वहिनी आणि मी नदीपर्यंत चालत गेलो, आईच्या आठवणी काढत. उरलेला फराळ पिशव्या करून वाटला, घरात चिवड्याचा एक डबा ठेवला. तो सासूबाईंच्या खोलीत आहे, त्यांनी स्वतःहून नेला.

पंधरा दिवसांनी रक्त तपासायचंय. आकडा इथे सांगेन.

---

चिंचगूळ | २६ ऑक्टोबर, रात्री ९:३०

मी दिवाळी संपायची वाट न बघता लक्ष्मीपूजनाच्या पहाटेपासून चालायला लागले. आज सहावा दिवस. एक विचारायचं होतं, त्या छोट्या पुरणपोळीचं माप काय घेतलं सासूबाईंनी? होळीला करायचीय, मला मोठीच लाटता येते, छोटी फुटते.

---

शेवंती | २७ ऑक्टोबर, सकाळी ६:१०

फारच छान, सुरू ठेव. त्यांना विचारून लिहितेय. कणीक सुपारीपेक्षा जरा मोठी, पुरण लिंबाएवढं. कणीक सैल भिजवून तेलात दोन तास मुरू द्यायची, पुरण पूर्ण गार झाल्याशिवाय भरायचं नाही, आणि लाटताना लाटणं कडेकडेनेच फिरवायचं, मधे जोर द्यायचा नाही. मधे जोर दिला की छोटी पोळी हमखास फुटते, असं त्या म्हणाल्या. तवा मोठ्या पोळीपेक्षा थोडा मंद ठेव.